मालक पहाटे येतात

“मोठा श्वास घ्या, मावशी. आता नळी तोंडात धरा, ओठ घट्ट मिटा आणि फुंका. फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका...”

बयाक्का मगदूमनं एकदा ‘फू’ केलं आणि थांबली. परत ‘फू’ केलं, परत थांबली. तिसऱ्यांदा फुंकायच्या आधी तिनं नळी तोंडातून काढली आणि वाकून तिच्यात बघितलं. जाळ धरला का नाही, ते बघत होती ती. जन्मभर फुंकणीनं चूल पेटवलेली बाई. तिला दुसरं फुंकणं ठाऊकच नव्हतं. मशीन मात्र आपलं टुंग टुंग करत लाल दिवा दाखवत होतं.

मी नलिनी चौगुले. तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका हृदयाच्या हॉस्पिटलात फुंकायच्या मशीनवर होते. स्वभावानं फटकळ, आणि ते मी लपवत नाही. दिवसाला पंचवीस म्हाताऱ्यांना ‘फुंका फुंका’ करून सांगायचं म्हणजे गोड बोलून भागत नाही. आमच्याकडे छातीच्या डॉक्टर तांबोळी मॅडम नव्यानं आल्या होत्या. त्यांनी हट्टच धरला होता, की हृदयाचा जो पेशंट येईल त्यानं एकदा तरी मशीनमध्ये फुंकायचं. त्यांचं म्हणणं असं, की हृदयाच्या माणसाला दम लागला की सगळे हृदयालाच नावं ठेवतात आणि फुफ्फुसाकडे कुणी ढुंकून बघत नाही. हृदयाचे मोठे डॉक्टर इंगळे सर ह्यावर हसायचे. पण त्यांनी आडकाठी केली नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “लाकूड ओलं आहे असं समजा. ओलं, आणि पाऊस लागलेलं. एका दमात सगळी हवा त्याच्यावर सोडायची. पोट पाठीला लागेपर्यंत.”

ते तिला बरोबर कळलं. एका दमात तिनं असं काही फुंकलं की डोळ्यात पाणी आलं तिच्या. मी कागदावर आलेली रेघ बघितली. साठीतल्या बाईची रेघ कशी डोंगरासारखी वर जाऊन उतरावी; हिची नुसतीच खाली बसत गेली होती.

मग मी माझा फॉर्म काढला. बिडी ओढता का, चूल किती वर्षं, धुराचं काम केलंत का. बिडी नाही, चूल पन्नास वर्षं. आणि नवरा गुऱ्हाळावर चुलवाणाशी बसून जाळ घालायचा, तेव्हा ही तीस हंगाम त्याच्या शेजारी बसून उसाची वाळली चिपाडं पुढं सारायची. पुढचा प्रश्न होता, पहाटे छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का.

“माझ्या न्हाई. मालकांच्या येतो.”

मी ‘नाही’वर खूण केली. मालक अजून बिडी ओढतात का, असं उगाच विचारलं.

“वडायचे. आता न्हाईत ते. जाऊन नऊ वर्सं झाली.”

 मी वर बघितलं. बाई अगदी शहाणीसुरती, केस चापून बसवलेले, लुगडं नेटकं. वेडाची एक छटा चेहऱ्यावर असेल तर शपथ.

“मग आवाज कुणाचा येतो, मावशी?”

“त्यांचाच की. पहाटं येत्यात. शेजारी पडत्यात. शेवटाला जसा दम लागायचा तसाच लागतो अजून. सूं... करून वर जातो, आन् हळूहळू खाली येतो.” मग माझ्याकडे बघून ती जरा हसली. “भ्या कशाचं त्यात? घरचंच माणूस हाय न्हवं?”

दुपारचे बारा वाजले होते, बाहेर ओपीडीत पोरं रडत होती, भिंतीवर पंखा फिरत होता. तरी माझ्या मानेवरून काहीतरी गार सरकून गेलं. मी स्टेथोस्कोप लावून तिची छाती ऐकली. एकदम शांत. दुपारी ती तशीच असायची म्हणे, आणि म्हणून तर इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरला तिच्यात काही ऐकू आलं नव्हतं.

तांबोळी मॅडमना मी रेघ दाखवली आणि मालकांचंही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की नवऱ्याच्या आजाराचा आवाज तिला पाठ आहे, आणि तोच आता तिच्या छातीत वाजतोय. फुफ्फुस निम्म्याहून कमी चालत होतं. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या, बायपास ठरलेली होती. इंगळे सर म्हणत होते, ऑपरेशन केलं नाही तर ही बाई वर्ष काढणार नाही. आणि भूल देणारे डॉक्टर म्हणत होते, हे असं फुफ्फुस घेऊन टेबलावर आली तर नंतर श्वासाच्या मशीनवरून उतरणार नाही. तोड एकच होती. सहा आठवडे पंपानं औषध ओढायचं, धुरापासून लांब राहायचं आणि परत फुंकून दाखवायचं. रेघ सुधारली तर ऑपरेशन, नाहीतर राम.

पंप कसा ओढायचा ते मी तिला शिकवलं. तिनं पहिल्या खेपेतच उचललं. तिचा मुलगा रंगराव बरोबर होता, त्याच्याकडून मी वदवून घेतलं की आई आता चुलीपुढे बसणार नाही. माझ्या मनानं ती केस मिटली.

अठरा दिवसांनी रंगराव एकटाच आला आणि टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. आई पंप ओढेना, म्हणाला. पहिले दोन आठवडे नेमानं ओढला, जिनाही चढून गेली एकदा. मग अचानक सोडला. कारण विचारलं तर तोंड फिरवून बसते. तांबोळी मॅडम रजेवर होत्या. इंगळे सरांना सांगितलं तर ते म्हणाले, पेशंटला जगायचं नसेल तर आपण काय करणार. मला त्याचा असा संताप आला की विचारू नका. मी काही तिची कुणी नव्हते, पण तिनं ओल्या लाकडावर फुंकलेला तो दम मी विसरू शकत नव्हते.

तिचं गाव मोहरवाडी, आणि तिथून दोन कोसांवर माझं माहेर. शनिवारी मी माहेरी गेले, आणि रविवारी पहाटे भावाला उठवून त्याच्या मोटरसायकलवर मोहरवाडी गाठली. मुद्दामच पहाटे. तो आवाज मला माझ्या कानांनी ऐकायचा होता.

सून शालन जागी होती, परसात पाणी तापवत होती. मला बघून तिला नवल वाटलं. तिनं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि पदर सावरून बाजूला झाली. मग हळूच म्हणाली, “मी न्हाई जात ह्या वक्ताला तिकडं.”

मी दार लोटलं. उजाडायला आलं होतं. खोलीत दोन वाकळा अंथरल्या होत्या, शेजारी शेजारी. एकीवर बयाक्का भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दुसरी रिकामी होती, नीट झटकून घातलेली, उशाला पाण्याचा तांब्या. आणि त्या रिकाम्या वाकळेवरून आवाज येत होता.

आता हे मी तुम्हाला सांगतेय ती सत्तावीस वर्षं छात्या ऐकलेली बाई म्हणून सांगतेय. बारीक, लांब आवाज. शिट्टीसारखा वर जायचा, वर गेल्यावर अडखळायचा, मग कुणीतरी जड ओझं ओढत आणावं तसा खाली यायचा. दम लागलेल्या गड्याचा आवाज. माझे पाय उंबऱ्यावरून उचलेनात. मनात म्हटलं, नलू, शहाणी ना तू, मग हो पुढं. गुडघ्यावर बसले आणि बयाक्काच्या पाठीला कान लावला. होता, आत होता. फुफ्फुसाच्या तळापासून तीच शिट्टी येत होती. मला इतकं हायसं वाटलं की हसू आलं.

मग मी कान काढला, आणि तो परत रिकाम्या वाकळेवरून आला.

बंद खोली, पत्र्याचं छप्पर, आवाज इकडचा तिकडे घुमतो. हे मी स्वतःला लगेच सांगितलं, आणि ते मला पटलंही.

“आला का ऐकू?” बयाक्का न वळता म्हणाली. तिला मी आल्याचं आश्चर्यच नव्हतं. “हळू बोल. आत्ताच आल्यात.”

थोड्या वेळानं उजाडलं आणि आवाज विरत गेला. आम्ही परड्यात जाऊन बसलो. शालननं चहा आणून ठेवला. मग बयाक्कानं आपणहून सांगितलं. पंप सुरू केला, आठ-दहा दिवस बरं वाटलं, पण मालकांचा दम रोज बारीक होत गेला आणि एका पहाटे आलेच नाहीत. चार दिवस तिनं वाट बघितली. पाचव्या दिवशी पंप फडताळावर ठेवून दिला. त्यानंतर तिसऱ्या पहाटे मालक परत आले. लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. नवऱ्याशिवाय एक रात्र काढलेली नव्हती, आणि ते गेल्यावरही, ह्या पंपापर्यंत, काढावी लागली नाही, असं ती म्हणाली. जगून करायचं काय, असंही म्हणाली, पण ते रडून नाही, बाजाराला जाऊन करायचं काय म्हणावं तसं.

मी तिला समजावलं. अगदी शाळेतल्या पोराला सांगावं तसं, छाती, नळ्या, सूज, हवा अडकली की शिट्टी. तुमचीच छाती वाजते, मावशी. ती ऐकत राहिली आणि शेवटी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीच कुणीतरी भाबडी, आणि ती माझी समजूत काढतेय, असला तो हात होता.

परतीला माझा भाऊ बाहेर हॉर्न वाजवत होता. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला एकवीस दिवस उरले होते. आणि मला एकदम सुचलं. कुठून सुचलं देव जाणे.

“मावशी,” मी म्हटलं, “एक सांगू? तुम्ही मालकांचा दम ऐकता. पण तो दम कसला आहे ते कधी ऐकलंत?”

ती माझ्याकडे बघायला लागली.

“गुदमरतायत ते. मी रोज असली माणसं बघते, मला कळतं. त्यांचा जीव मोकळा झालेला नाही, आणि तुमच्या छातीच्या आधारानं अडकून पडलाय. तुम्ही औषध ओढलंत ना, तेव्हा त्यांना आराम पडला. म्हणून आवाज थांबला. तुम्ही पंप सोडलात, की त्यांची धाप परत सुरू.”

बयाक्काच्या तोंडावरचा रंग उडाला. चहाची बशी तिनं खाली ठेवली, आत गेली, फडताळावरून पंप आणला आणि माझ्यासमोर ओढला. ओढून झाल्यावर दहा आकडे श्वास धरायचा असतो, तोही धरला.

मोटरसायकलवर मागे बसून घरी जाताना मी स्वतःवर बेहद्द खूश होते. डॉक्टरांना जमलं नाही ते मी केलं होतं. एक थाप, आणि बाईचा जीव वाचणार.

वाचलाही. एकविसाव्या दिवशी तिनं फुंकलं आणि रेघ वर चढली, डोंगर नाही पण टेकडी म्हणावी इतकी. भूल देणाऱ्यांनी मान हलवली. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी ती श्वासाच्या मशीनवरून उतरली, बाराव्या दिवशी चालत घरी गेली. तांबोळी मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आणि इंगळे सरांनी त्या महिन्यापासून ओपीडीच्या दारावर पाटी लावली, की हृदयाच्या प्रत्येक पेशंटनं आधी फुंकून यायचं. थाप मी कुणालाच सांगितली नव्हती.

सहा महिन्यांनी बयाक्का तपासणीला आली. अंगानं भरली होती, चेहरा तुकतुकीत. रंगराव औषधं आणायला खाली गेला होता. तिनं फुंकलं, मी रेघ बघून शाब्बास म्हटलं. ती स्टुलावरून उठेना.

“सहा म्हैनं झालं,” ती म्हणाली. “एकदाबी आले न्हाईत.”

मला वाटलं, आता हिला खरं सांगावं. बरी झाली आहे, पचवेल. शिवाय ती थाप माझ्या मनात टोचत होतीच. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, मावशी, माझं चुकलं, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही औषध घ्यावं म्हणून बोलले. तिथं कुणी नव्हतं. मालक गेले तेव्हाच गेले, सुखानं गेले. वाजत होती ती तुमची छाती.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“पोरी,” ती म्हणाली, “पयल्या वर्सी मलाबी तसंच वाटलं हुतं. म्हटलं, आपलाच दम असंल. म्हणून मी नाक दाबून धरायची. तोंडात पदराचा बोळा घालायची. आन् मोजायची. तीस पातूर मोजायची. माझा दम बंद. आन् शेजारी त्यांचा चालूच.”

मी तिचे हात सोडले.

“एकदा न्हाई. म्हैनाभर रोज करून बघितलं. मग खात्री पटली, आन् मी सोडून दिलं.”

हवा आत-बाहेर झाली तरच छातीत शिट्टी वाजते. श्वास थांबला की ती थांबते. ह्यात दुसरं काही होऊ शकत नाही, हे मी शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी सांगते. अर्धवट झोपेत असाल, मोजताना चुकला असाल, असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं ते कानावर घेतलंच नाही. ती दुसराच हिशेब करत होती.

“म्हंजी तू खोटं न्हाई बोललीस,” ती सावकाश म्हणाली. “तुला वाटलं खोटं बोलतीस. पर तू सांगितलंस तेच खरं. मी पंप वडला आन् ते थांबले. म्हंजी नऊ वर्सं ते माझ्या शेजारी गुदमरत हुते. आन् मी खुशीत पडून ऐकत हुते.”

असं कुणी माझ्यासमोर कधी रडलेलं मी बघितलं नव्हतं. आवाज नाही, हुंदका नाही. नुसती बसून होती आणि तोंड ओलं होत होतं. मी लाख वेळा म्हटलं, तसं नाही हो मावशी. पण मग कसं, ते मला सांगता येईना. तिथं कोणी नव्हतं म्हणावं तर तिचे तीस आकडे मध्ये उभे. होते म्हणावं तर ती नऊ वर्षं तिच्या गळ्यात. मीच बांधली होती ती तिच्या गळ्यात, आणि काढायला गेले तर गाठ आणखी घट्ट बसली.

जिन्यावर रंगरावाच्या चपलांचा आवाज आला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि घाईनं माझ्याकडे झुकली.

“एकच सांग मला. मी पंप सोडला तर परत येतील?”

नऊ वर्षांची सोबत होती त्या प्रश्नात. सहा महिने ती एकटी झोपत होती, आयुष्यात पहिल्यांदा. नाही येणार म्हटलं असतं तर ती करून बघितल्याशिवाय राहिली नसती. मला ते तिच्या डोळ्यात स्वच्छ दिसत होतं.

“येतील,” मी म्हटलं. “पण तसेच येतील, मावशी. धापा टाकत.”

तिनं मान हलवली. पंप पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड आवळलं.

“मग नगं,” म्हणाली. “ऱ्हाऊ द्यात तिकडंच.”

रंगराव आत आला, औषधाची चिठ्ठी दाखवून काहीबाही विचारायला लागला. मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. ती त्याचा हात धरून निघून गेली. त्यानंतर तपासणीला तिनं मला मालकांबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

बयाक्का आणखी चौदा वर्षं जगली. इतकी जगेल असं इंगळे सरांनाही वाटलं नव्हतं. ती गेल्यावर महिन्याभरानं रंगराव आला, उरलेले पंप परत करायला, कुणा गरिबाला उपयोग होईल म्हणून. चौदा वर्षांत आईनं एक दिवस पंप चुकवला नाही, म्हणाला. लग्नाकार्यात, जत्रेत, कुठंही गेली तरी आधी पंप. आम्ही चेष्टा करायचो तिची.

मग म्हणाला, की एकच गोष्ट कधी कळली नाही. रोज पहाटे आई उठून बसायची, आणि नाक दाबून, तोंडावर पदर घट्ट धरून, डोळे मिटून थांबायची. आम्हाला वाटायचं हिला काही होतंय. विचारलं की हात करून गप्प करायची. मग पदर सोडून मोठा श्वास घ्यायची आणि सांगायची, काही न्हाई रे, बघत हुते, शांत हाईत ना ते.